डाव्या हातातली बांगडी

एखाद्या मुलाविरुद्ध तक्रार लिहायच्या आधी शिक्षकाने त्या मुलाची पट्टी दहा मिनिटं कपाळाला बांधायची, असा नियम होता. मुलाला जे जसं ऐकू येतं, ते पट्टी बांधणाऱ्यालाही तसंच ऐकू येई. हिंगमिरे बाईंना ही सगळी थेरं वाटत. "अठ्ठावीस वर्षं शिकवतेय सर, लक्ष नसलेलं मूल मला नुसतं बघून कळतं," असं मुख्याध्यापकांना सुनावून त्यांनी चौथीतल्या केतकीची पट्टी बांधली आणि भूगोलाचा तास सुरू केला. ही तिसरी तक्रार. यानंतर पोरीची शाळाच बदलणार होती.

शिवाय पोरगी अभद्र बोलायची. शाळा उघडल्यापासून कान दाबून तिचं एकच चाललं होतं, "बाई, बांगडी फुटलीय." सवाष्णीला असं म्हणतात का? वाढली म्हणावं, तेही खरंच वाढली तर!

पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. खडू कवटीवर ओढल्यासारखा वाजला. गोदावरीच्या उपनद्या बाई स्वतःच सांगत होत्या आणि त्यांनाच ऐकू येत नव्हत्या. हात हलला की या सगळ्या गोंगाटावर, दाढेत सुई जावी तशी, एक बांगडी किरकिरत होती.

बाईंनी एकेक बांगडी नखाने चाचपली. डाव्या हातातल्या शेवटच्या बांगडीला केसाएवढी चीर होती.

त्यांनी पट्टी सोडली, साऱ्या बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकल्या आणि पंखा बंद केला.

केतकीने कानांवरचे हात खाली घेतले, वही उघडली आणि म्हणाली, "बाई, आता जूनपासून सांगा."