बिनचूक पत्र

फ्लॉरेन्सचे नेरी पाचशे वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन पंडिताची पत्रं संपादित करत होते. सगळं जमलं होतं, पण त्या पंडिताने आठव्या वर्षी मामाला लिहिलेलं पहिलंच पत्र अडून बसलं होतं. मूळ कागद हरवलेला, हाती फक्त दोन जुन्या नकला. एक अगदी बिनचूक, दुसरी चुकांनी भरलेली. अखेर नेरींनी बिनचूक पत्र खरं धरलं, चुका नक्कल करणाऱ्याच्या माथी मारल्या आणि आयुष्यभराच्या मेहनतीचं ते पुस्तक छापायला धाडलं.

तेवढ्यात त्यांची आठ वर्षांची मुलगी बीचे शाळेतून आली. दप्तर आपटत म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे बाईंनी माझा निबंध परत दिला!"

"अगं, ओळ न् ओळ मी सुधारली होती. एक तरी चूक दाखव!"

"तेच तर! बाई म्हणाल्या, 'छान आहे, बाबांना शाबास सांग. आता तू लिहिलेला आण.'"

नेरी खो खो हसले, आणि हसता हसता एकदम उठले. मग त्यांनी घाईघाईने छापखान्याला फोन लावला.

 

"छपाई थांबवा हो! आपण मुलाच्या नावावर त्याच्या बापाचं पत्र छापतोय!"