तळ्याचं चित्र

"काळा नको," आई पलंगावरून म्हणाली. "सावली कधी काळी नसते. निळ्यात थोडा तांबडा मिसळ."

त्यानं ब्रश पुसला. तो दातांचा डॉक्टर. तेलरंग हातात पहिल्यांदाच घेतलेले. आई मात्र आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत आलेली. अर्धांगवायूनं तिचा उजवा हात गेला, मग हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिनं एकच हट्ट धरला.

"मला तळं काढायचंय. हात तुझा, डोळे माझे."

कुठलं तळं, हे त्याला विचारावं लागलं नाही. तीन वर्षांचा असताना तो तिथं बुडता बुडता वाचला होता. होडी उलटली, नावाडी गेला, नावाड्याचा आईवेगळा मुलगाही गेला. त्याच आठवड्यात आईनं ते गाव सोडलं. त्याच्या जन्माआधीच परदेशी नोकरीला गेलेले वडील परतले ते थेट नव्या घरी. ते वारेपर्यंत घरात तळ्याचा विषय कुणी काढला नाही.

आता रोज दवाखाना आटोपला की तो तिच्या खोलीत कॅनव्हाससमोर बसे. टर्पेंटाइनचा वास पडद्यांत मुरला होता.

"लांबचं फिकं, जवळचं गडद. डोंगर मागे ढकल."

"ढकलला."

"अजून. अंगावर येतोय."

काठावरचं गवत तो एकेक पातं करून काढायला लागला, तेव्हा ती वैतागली. "दात कोरतोयस का? डोळे बारीक करून बघ. नुसता पुंजका दिसला पाहिजे."

दोघं हसले. हसणं ओसरल्यावर त्याच्या लक्षात आलं, आई कॅनव्हासकडे बघतच नाहीये. ती त्याच्याकडे बघत होती. तिनं डाव्या हातानं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"कुणावर गेलोय गं मी?"

"रंग वाळतोय," ती म्हणाली. "बस कामाला."

पाणी तिनं अगदी सपाट करवून घेतलं. त्यानं एक लाट काढली, ती तिला चालेना.

"त्या दिवशी वारा नव्हता."

"मग होडी उलटली कशी?"

"तुम्ही दोघं पोरं एकाच बाजूला वाकलात. पाण्यात स्वतःचं तोंड बघायला."

त्यानं त्या पाण्याकडे बघितलं. त्यानंच रंगवलेलं, पण त्यात हात घातला तर कुणीतरी आतून धरेल असं वाटलं. लाट पुसायला त्यानं फडकं लावलं तर सगळीकडे राखाडी ओघळ पसरले.

"पुसू नये. पुसलं की पसरतं," आई म्हणाली. "सुरीनं खरवडून काढ. आणि वरचा थर देताना घाई नको, खालचा नीट सुकू दे. नाहीतर आज ना उद्या तडकतो."

"किती थांबायचं?"

"मी पुष्कळ थांबले, सोन्या."

शेवटी होडी आली. होडीत दोन पोरं, बोटाच्या पेराएवढी. एकाच्या अंगात लाल सदरा, दुसरा उघडा. नावाडी तिनं काढू दिला नाही. लाल रंग लावताना त्याला उगाच भरून आलं. स्वतःला इतकं लहान त्यानं कधी बघितलं नव्हतं. गावाकडचा एकही फोटो घरात नव्हता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"एक राहिलं. बुडाला त्याला काढून टाक."

"असू दे ना, आई. बिचारा."

"माझ्यासमोर काढ. मला बघायचंय."

त्यानं सुरी उचलली. उघड्या पोराच्या खांद्यावर पातं अलगद टेकवलं.

"तो नव्हे."

"अगं, दुसरा तर मी आहे. लाल सदऱ्यातला."

आईनं डोळे मिटले नाहीत. तिचा आवाज शाळेत शिकवताना असायचा तसाच, एकसारखा होता.

"लाल सदऱ्यातला माझा मुलगा," ती म्हणाली. "तू नावाड्याचा."