उताराला न्यूट्रल

बाजूची काच फुटली आणि लोखंडी गज शेवंताच्या खांद्यात बसला. मोटारसायकलींवरच्या चौघांना ट्रकच्या टाकीतलं वीस लिटर पेट्रोल हवं होतं. हल्ली तेवढ्यासाठी माणसं मारतात. तिच्या नवऱ्याने, सर्जेरावने, घाटाच्या उतारावर ट्रक सुसाट सोडला.

पुढे चढ लागला आणि ट्रक धापा टाकू लागला. पेट्रोलचं रेशनिंग झाल्यापासून ट्रकलाही स्कूटरएवढंच इंजिन. चढायचं ते उतारावर चाकांनी बॅटरीत भरलेल्या विजेवर. बॅटरीची पट्टी लाल होती.

“अहो, उताराला न्यूट्रल केलंत ना?” शेवंता किंचाळली. “मग वीज भरणार कुठून?”

जुन्या ट्रकवर डिझेल वाचवायची सर्जेरावची वीस वर्षांची खोड. हाताने परस्पर केलं होतं.

अर्ध्या चढावर ट्रक थांबला. मागे चौघे गज परजत उतरले.

सर्जेरावने पुन्हा न्यूट्रल केलं, या वेळी जाणूनबुजून, आणि ब्रेक सोडला. दहा टन फरशी भरलेला ट्रक मागे, चौघांच्या अंगावर घसरला. फरशीच्या खडखडाटातही हाडं मोडल्याचा आवाज वेगळा ऐकू आला.

खाली येऊन त्याने ब्रेक दाबला. एवढ्याशा इंजिनावर बॅटरी भरायला अर्धा तास लागणार होता. वर जायचा रस्ता एकच, आणि त्यावर पडलेल्यांतला एक जण अजून हात हलवत होता.

“पट्टी भरेस्तोवर,” शेवंताने हळूच विचारलं, “थांबेल ना तो हलायचा?”