नको म्हणायची तालीम

दाराशी पुन्हा खोका येऊन पडला होता. मुलीनं पायातल्या चपलाही न काढता तो उचलला, टेबलावर ठेवला आणि भाजीच्या सुरीनं चिकटपट्टी फाडली. आतून गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा निघाला.

"हा तिसरा," ती म्हणाली. "बाबा, गुडघे किती आहेत तुम्हाला?"

"दोन. एक पट्टा राखीव."

तिला हसू आलं नाही. पट्टा घेऊन ती दादाच्या खोलीत गेली. बापलेकांचं कडाक्याचं भांडण होऊन दादा घर सोडून गेला, तेव्हापासून त्याची ना चिठ्ठी ना चपाटी. त्याचं नाव काढायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. निदान खोली तरी कामाला आली होती. मसाजचं यंत्र, पाणी शुद्ध करायचं यंत्र, झाकणांसकट कढयांचा संच, सगळं तिथं सीलबंद पडून होतं.

हे सगळं फोनवरून विकत घेतलेलं. आणि घेणारा माणूस कोण, तर जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेला मेकॅनिक, जो दुकानातली वस्तू उलटीपालटी करून, नाक मुरडून पुन्हा फळीवर ठेवायचा. घरातला पंखा त्यांनी इतक्यांदा दुरुस्त केला होता, की त्यात मूळचं फक्त भोक उरलं होतं. अशा माणसाची म्हातारपणी मती फिरावी, याचं तिला रडू यायचं.

त्यात आज तिला रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी रिकामी सापडली होती.

"गोळ्या कधी संपल्या?"

"झाले थोडे दिवस."

"आणि त्या पैशांत पट्टा घेतलात."

बाबांनी रिकामी डबी तिच्या हातातून घेतली आणि झाकण लावून ठेवली.

ती मोठ्या दुकानात फळ्या लावायचं काम करायची. नको असलेली वस्तू माणसाच्या गळ्यात कशी मारायची, हे तिला पाठ होतं. साखर मुद्दाम शेवटच्या फळीवर ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक सगळं दुकान पालथं घालतं. 'आज शेवटचा दिवस' ही पाटी ती स्वतः रोज सकाळी पुसून पुन्हा लावायची. आणि इथं तिच्याच घरात कुणीतरी तिच्या बापाला बकरा बनवत होतं.

"बोलतो काय हो तो फोनवाला एवढं?"

"गुडघा दुखतो का विचारतो. झोप लागते का. घरातले बरे आहेत का."

"गळ टाकतो, बाबा. आधी माणसाचं दुखणं काढून घ्यायचं, मग वस्तू पुढे करायची. आम्हालाही हेच शिकवतात. त्याला तुमच्या गुडघ्याशी काही देणंघेणं नाही."

"असेल," बाबा म्हणाले. "त्यांचं बोलणं रेकॉर्ड होतं. साहेब लोक ऐकतात. बिचारा वेगळं काही बोलू शकत नाही."

"तुम्हाला त्याचीच दया येते?"

ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. काही घ्यायच्या आधी स्वतःला काय विचारायचं, ते तिनं समजावलं. हे मला खरंच हवं आहे का? घरात आधीचं आहे का? आठवडाभर थांबलो तर काय बिघडेल? मग तिनं तालीम घेतली. मूठ कानाला लावून ती गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार काका, तुमच्यासाठी खास उशी आणली आहे."

"नको," बाबा म्हणाले.

"बघा, जमतंय की."

"तुला नको म्हणणं सोपं आहे गं."

तेवढ्यात खराच फोन वाजला. बाबांचा चेहरा उजळला. तिनं फोनवर हात ठेवला.

"मीच बोलते. आणि त्याच्या साहेबांकडे तक्रार करते. म्हाताऱ्या माणसाला लुबाडतो म्हणून. नोकरी जाऊ दे त्याची."

"नको." बाबांनी तिचा हात धरला. "कुणाच्या पोटावर पाय आणू नकोस. मी सांगतो."

"आत्ता? माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर."

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. "हो, बोला," ते म्हणाले. पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिले. "हो, पट्टा मिळाला. छान ऊब येते." खोटंच, पट्टा त्यांनी हातातसुद्धा घेतला नव्हता. मुलीनं मान हलवून खूण केली.

"ऐका," बाबा म्हणाले. "मला आता काही नको. माझ्याकडे सगळं आहे. यापुढे फोन करू नका. तुम्ही जेवलात का?"

विकणाऱ्याला कुणी जेवलात का विचारतं? तिनं कपाळाला हात लावला. पण तिला भरूनही आलं. किती एकटा पडलाय हा माणूस, आणि आपण दिवसभर दुकानात. सुट्टीच्या दिवशी यांना बागेत न्यायचं, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

"तब्येतीला जपा," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

"शाब्बास," ती म्हणाली. "काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"एवढंच? ही माणसं इतक्या सहज सोडत नाहीत. उद्या परत करील बघा."

बाबांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना सदऱ्याचं टोक सापडेना.

"नाही करायचा," ते म्हणाले. "लहानपणापासून तसाच आहे. मी एकदा नाही म्हटलं, की तुझा दादा परत विचारत नाही."