हौदातल्या लाटा

"बाबा, पुढच्या आठवड्यात वादळ येतंय, मग तुमचा तराफा ओढून किनाऱ्याला का नाही आणत?"

तिच्या शाळेची सहल बाबांच्याच कामावर, तराफ्यांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत आली होती. हिंमत असेल तर बापाला सगळ्यांसमोर कोंडीत पकडून दाखव, असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. बाबा मात्र खुलले. खिडकीतून दूरवर साखळदंडांनी नांगरलेला अवाढव्य तराफा डुलताना दिसत होता.

"अगं, वादळासाठीच तर तिथं नेऊन बांधलाय! इथल्या हौदात आम्ही बटण दाबून लाटा उठवतो, त्यात कुणीही तरंगेल. खऱ्या समुद्रात टिकला, तरच तो खरा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात तिच्याच.

संध्याकाळी जेवताना बाबांनी पुन्हा महिन्याभराचं टुमणं लावलं. "शाळेनंतर घराजवळचं कॉलेजच बरं. बाहेरगावी तुझा निभाव लागायचा नाही."

"इथं कसं, आम्ही आहोत ना सांभाळायला," आईनं री ओढली.

"म्हणजे हौदच की!"

ती ताट सरकवून उभी राहिली.

"आई, बाबा, मी हॉस्टेलवर जाणार म्हणजे जाणार. आणि पहिल्याच आठवड्यात फोनवर भोकाड पसरलं, तरी मला न्यायला यायचं नाही!"