पाच घरांचा पट

भालूदादाने आज नवा नियम काढला होता. "मारलेलं मोहरं मारणाऱ्याच्याच रंगाचं होऊन परत पटावर येणार. आता सोडव म्हणावं."

समोर बसलेली त्याची बहीण अरुंधती हसली. पाच बाय पाच घरांच्या या पटाला कुठलाही नियम सांगा, मोहऱ्यांवर टेकलेल्या बोटांतून दोघांची नाडी नि खेळायची ढब ओळखून तो डावाचा शेवट आधीच सांगून टाकी: पांढरा, काळा, नाहीतर बरोबरी. त्याला एकदा तरी चकवायचं म्हणून ही म्हातारी भावंडं रोज दुपारी नवं बुद्धिबळ रचत.

आज पटावर अक्षरं उमटली: अपुरा.

"हरला बघ लेकाचा," दादा खुशीत म्हणाला.

अरुंधतीने सहज म्हणून पटाला कालचा नियम सांगितला. काल त्याने पांढरा सांगितला होता, आणि झालंही तसंच. आज मात्र पुन्हा तीच अक्षरं उमटली: अपुरा.

दादा डावा दंड चोळत होता. "चल की, पहिली चाल तुझी."

अरुंधतीने प्याद्यावरचा हात काढून घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला. पटाकडे तिने पाहिलं नाही. सुरूच न झालेला डाव अपुरा राहत नाही, असं ती स्वतःला बजावत होती.