जाळीमागचा आवाज

शेवटची पेनल्टी अडवली तर कप आमच्या पेठेत येणार होता. मी गोलच्या जाळीमागे, पहिल्याच पायरीवर बसले होते. आमचे हे तिकडे लांब, कोचच्या बाकावर, गळ्याला मफलर गुंडाळून. फेब्रुवारीत घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला.

त्याआधी वीस वर्षं ते सरावाला जाळीमागे उभे राहून 'डावीकडं', 'उजवीकडं' असं ओरडायचे. गोलकीपरनं मागे न बघता त्या बाजूला झेपावायचं, हा नियम. ते स्वतः गोलकीपर होते तेव्हा याच गोलात, शेवटच्या पेनल्टीला, चुकीच्या बाजूला पडले होते. पेठ अजून ते विसरलेली नाही. विसरायची आमच्याकडे पद्धतच नाही.

शिट्टी वाजली.

"डावीकडं!" अगदी माझ्या कानामागे त्यांचा आवाज आला. आमचा गोलकीपर सोहेल डावीकडे झेपावला आणि बॉल थेट त्याच्या छातीवर आला. मैदान नाचायला लागलं. मी मागे वळले. मागची पायरी रिकामी होती.

संध्याकाळी सोहेल कप दाखवायला घरी आला. "काकी, सर जाळीमागं कधी आले ओ?"

ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'मी बाकावरच होतो.'

तो गेल्यावर मी म्हटलं, "एवढं ओरडता येतंय, तर चार महिन्यांत मला एक हाक मारायची होती की."

"शैले, चहा टाक!" स्वयंपाकघरातनं हाक आली.

हे माझ्यासमोर बसले होते, तोंड मिटून.

मी उठले. दोन कप चहा टाकावा की तीन, तेवढं कळेना.